हिची गाडी

११ जानेवारी

कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, पण जॉबकार्ड हातात आल्याशिवाय मशीनला कधी हात लावला नाही. काम काय, कशासाठी, कुठल्या मापात, कधीपर्यंत, हे आधी कागदावर आलं पाहिजे. आता निवृत्त माणसाला कार्ड कोण देणार? म्हणून ही वही घातली आहे.

काम: हिची गाडी. बावीस वर्षांची, छोटी, मागचं दार छपरापासून वर उघडणारं. दीड वर्ष एका जागी उभी. रंग एकेकाळी निळा होता.

कशासाठी: हिने परत चालवावी म्हणून.

मुदत: जूनअखेर.

हिच्या पायांतली ताकद गेली. आधी घरातल्या घरात अडखळायची, मग जिना बंद झाला, खाली आणायचं तर उचलून, आणि गेल्या ऑगस्टपासून चाकाची खुर्ची आली. नसांचा आजार आहे. त्याचं नाव लांबलचक आहे आणि मी ते पाठ केलेलं नाही, कारण नाव पाठ करून पाय परत येत नाहीत. पाय गेले, हात आहेत. नुसत्या हातांनी चालवायची गाडी करता येते, लोक करतात, आणि मी फिटर आहे.

आमच्या घरात गाडी हीच चालवते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी एका फाटकावर घातली. हिच्या हनुवटीला तीन टाके पडले. त्या दिवसापासून मी शेजारच्या सीटवर. नातेवाइकांनी हसून घेतलं, ‘राणीसाहेबांचा शिपाई’ म्हणून झालं, मी कधी मनाला लावून घेतलं नाही. ही शिवणकाम करते. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे टाकून दिवसभर हिंडायची. स्टिअरिंगवर बसली की हिचा आवाजसुद्धा बदलायचा. आता ही वर खिडकीत बसते आणि खाली गाडी. दोघींकडे बघवत नाही.

आज पहिलं माप घेतलं. एका मुठीच्या मागे ताणकाटा बांधला, त्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि हिला मूठ पुढे ढकलायला सांगितलं. उजवा हात साडेतेरा किलो, डावा साडेअकरा. ब्रेकच्या पेडलला पंचवीस किलोचा दाब लागतो. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला तीस सेंटिमीटरचा लिव्हर बसवला, तर डाव्या हाताने नऊ किलो ढकललं की पुरे. अडीच किलो हातचे राहतात. आकडे लिहून खाली दोन रेघा मारल्या. टूलरूमचा नियम आहे, दोन रेघा मारलेलं माप परत घ्यायचं नाही. नाहीतर माणूस जन्मभर मापंच घेत बसतो.

ही म्हणाली, "मला विचाराल तरी, गाडी चालवायचीय का म्हणून."

"चालवायचीच असणार," मी म्हटलं.

२० जानेवारी

मिस्त्रीला आणलं. त्याचं गॅरेज आमच्या गल्लीच्या टोकाला, ही गाडी त्याने पहिल्यापासून बघितलेली. वय माझ्याएवढं, तोंड माझ्या दुप्पट. गाडीखाली सरकला आणि तिथूनच ओरडला, "फिटरसाहेब, ही गाडी नाही, चाळण आहे!" ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नुसत्या बोटाने फुटला. खालचा रस्ता दिसायला लागला.

दुसरी अडचण क्लचची. एक हात स्टिअरिंगवर, एक लिव्हरवर, मग क्लच कोण दाबणार? याच गाडीचं ऑटोमॅटिक मॉडेल तीन-चार वर्षं निघत होतं. त्याचा गिअरबॉक्स भंगारात मिळाला तर घोडं पुढे जाईल. नाही मिळाला तर सगळं मुसळ केरात.

मिस्त्री जाताना हिला म्हणाला, "वहिनी, जूनमध्ये तुमच्या गाडीतून मलाच एक चक्कर मारा." ही म्हणाली, "आधी यांना मारते." मिस्त्री हसला. मीही हसलो.

६ फेब्रुवारी

गिअरबॉक्स मिळाला! शहराबाहेरच्या भंगारवाल्याकडे, तीन गाड्यांच्या खाली. आजच हिची डॉक्टरांची तारीख होती, पण भंगारवाला उद्यापर्यंत थांबणार नव्हता. म्हणून हिच्याबरोबर मेहुण्याला पाठवलं. हिचा धाकटा भाऊ. भला माणूस आहे, पण जरा काही झालं की हात-पाय गाळतो.

मी गिअरबॉक्स खाली उतरवत होतो तेवढ्यात ते दोघं परत आले. मेहुण्याचे डोळे लाल. विचारलं तर म्हणाला धूळ गेली. "डॉक्टर काय म्हणाले?" "तेच, व्यायाम चालू ठेवा," ही म्हणाली. मग खुर्ची गिअरबॉक्सजवळ घ्यायला लावली आणि त्याच्यावर हात ठेवून म्हणाली, "आता किती दिवस लागतील?"

"चार महिने. फार तर साडेचार."

तिने मनाशी काहीतरी मोजलं. "करा," म्हणाली.

मेहुणा चहासुद्धा न घेता गेला. धुळीचं एवढं काय घेऊन बसायचं?

२६ फेब्रुवारी

पायाखालचा पत्रा नवीन बसला. जुना कापून काढताना वाटलं, सगळी गाडीच कापून निघणार. जिथे हात लावावा तिथे गंज. मिस्त्रीने वेल्डिंग केलं, घासायचं काम मी घेतलं. गिअरबॉक्स बसला. मागे-पुढे गाडी हलली.

हे सगळं व्हायच्या आधी तीन दिवस मी खरोखर टेकीला आलो होतो. पायरीवर बसून विचार केला, कशाला हा उपद्व्याप, कोणी सांगितलंय? मग वर बघितलं, ही खिडकीत होती. उठलो आणि कामाला लागलो.

हिने शिवायचं बंद केलंय. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची, आता तेही नाही. चष्म्याचा नंबर वाढला असणार. डोळे तपासून घे म्हटलं तर "घेते" म्हणाली.

१४ मार्च

लिव्हर बसला. तीस सेंटिमीटर, पुढे ढकलला की ब्रेक, मुठीवरचा खटका ओढला की वेग. मिस्त्री आणि मी मिळून हिला सीटवर बसवलं. दीड वर्षाने ही स्टिअरिंगवर! इंजिन चालू केलं नव्हतं, तरी हिने आधी आरसा नीट करायला सांगितला. मला म्हणाली, "तुम्ही करा, तुमचे हात लांब आहेत."

मग ब्रेक दाबायला सांगितलं. लिव्हर निम्म्यात थांबला.

"जड आहे का?"

"जरा जड आहे."

नऊ किलो लागायला हवेत आणि साडेअकरा आहेत. म्हणजे सांध्यांत कुठेतरी घर्षण आहे. बुश बदलतो. आज एवढ्या आनंदाच्या दिवशी लिव्हरने मान खाली घालायला लावली.

२२ मार्च

बुश बदलले, वंगण बदललं. अजून जड. लिव्हर लांब करावा लागेल. लांब लिव्हरला जोर कमी लागतो, पण जागा जास्त लागते. फुकट काहीच मिळत नाही. अडतीस सेंटिमीटर करतो.

हिने केस कापून घेतले, मानेपर्यंत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनीच कापून दिले. मला न विचारता. एवढे लांब केस! म्हणाली, "डोक्याला हलकं वाटतं." चिडलो होतो, पण लिव्हरच्या नादात भांडायचं राहिलं.

५ एप्रिल

अडतीस सेंटिमीटर. तरी जड. मग मास्टर सिलिंडर काढला, त्यातला रबर बदलला. ब्रेकचं तेल नवीन. व्हॅक्यूमचा डबा संशयास्पद होता, तोही बदलला. आता पेडल पायाने दाबलं तर लोणी. आणि हिला लिव्हर दाबत नाही.

आज एक घडलं ते लिहून ठेवतो. मिस्त्रीची बायको त्याचा डबा घेऊन आली होती. चिमणीएवढी बाई. मिस्त्रीने तिला सीटवर बसवलं आणि लिव्हर दाबायला सांगितला. तिने एका हाताने दाबला, ब्रेक बसला.

मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, लिव्हरला किती दोष द्यायचा?"

"मग कुणाला द्यायचा?"

तो पान्यांची पेटी आवरून गेला. मिस्त्री लोकांचं हे असंच. काम अवघड झालं की अंगाबाहेर टाकतात. त्याच्या बायकोला चूल-भांडी करून हाताला जोर असेल, त्याने काय सिद्ध होतं? माझं माप लिहिलेलं आहे. साडेअकरा.

हिला सांगितलं तर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय." मी म्हटलं, मिस्त्रीच्या बाबतीत अगदी बरोबर आहे.

२३ एप्रिल

परवाना कार्यालयातून तपासणीची तारीख आली होती, दोन मे. तिथे गाडीही तपासतात आणि चालवणाऱ्यालाही. हिने मला न सांगता फोन करून पुढे ढकलली. "लिव्हर तयार नाही ना," म्हणाली. बोलणं खरं आहे, म्हणून गप्प बसलो. फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर बोलत होती, पलीकडचा माणूस दोनदा म्हणाला, नीट ऐकू येत नाही. फोन नवीन घ्यायला हवा.

९ मे

आज हिने वेगळंच काढलं. म्हणाली, "मी बसायच्या आधी तुम्ही बसा, मला बाहेरून बघू द्या लिव्हर कुठे अडतो ते." बसलो. "इंजिन चालू करा." केलं. "आता ब्रेक सोडा. जाऊ द्या पुढे." मी म्हटलं, "हे माझं काम नाही." तर म्हणाली, "चाचणी आहे हो. चाचणी कोण घेतं, फिटरच ना?"

गाडी दहा फूट गेली. मी लिव्हर दाबला, थांबली. घामाने शर्ट चिकटला.

हिला एवढा आनंद झाला की जणू मी जहाज चालवलं. "दहा फूट! लिहा तुमच्या वहीत." लिव्हर कुठे अडतो ते मात्र बघायचं विसरली. या बाईचं कामात लक्ष नाही.

३० मे

बावन्न सेंटिमीटर. आता लिव्हर पूर्ण दाबला की स्टिअरिंगच्या कडेवर आपटतो. याच्यापुढे लांब करायला जागाच नाही. आणि ही अजूनही म्हणते, जरा जड आहे.

साडेचार महिने गेले. मला या कामाची घृणा यायला लागली आहे. सकाळी खाली उतरताना पाय जड होतात. टूलरूममध्ये माझ्या हातून गेलेला जॉब कधी परत आला नाही, आणि आयुष्यात एकदाच स्वतःच्या माणसासाठी काहीतरी करायला घेतलं तर साधा ब्रेक बसत नाही. आज हिच्यावर ओरडलो. "जरा मनापासून ढकल की! मनावर घेतच नाहीस!" ही म्हणाली, "घेते. उद्या घेते." मला वाटतं हिलाच नको आहे गाडी. मी एकटाच आपलं घोडं दामटतोय.

११ जून

पंधराला तपासणीची नवी तारीख. नवा आराखडा करायचा तर नवं माप हवं. दोन रेघांचा नियम मोडला आणि ताणकाटा काढला.

ही म्हणाली, "आज राहू द्या ना."

"दोन मिनिटांचं काम आहे."

मूठ हातात दिली. बोटं मुठीभोवती मीच वळवून दिली, आणि तेव्हाही मला काही खटकलं नाही. ढकल म्हटलं. तिने ढकललं. डावा हात तीन किलो.

काटा बिघडला असं वाटलं. पाच महिने पडून होता, स्प्रिंग सैल पडते. पाच किलोचं वजन अडकवून बघितलं, पाच. दोन किलोचं अडकवलं, दोन. परत हिच्या हातात मूठ दिली. पावणेतीन. उजवा हात घेतला, चार.

काटा बरोबर होता.

मी ते वजन काढत बसलो, घालत बसलो, परत काढत बसलो. मला कळेपर्यंत ही थांबली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या आधीपासून असणार."

"पुढे?"

"पुढे आवाज. मग मान. मग श्वास," ती म्हणाली. कपड्याची मापं सांगावीत तशी, वरून खाली.

१२ जून

आजाराचं नाव एका कागदावर लिहून काढलं. पाठ झालं.

१८ जून

मेहुण्याला बोलावून नको नको ते बोललो. माझ्या घरात माझ्या बायकोचं मरण ठरतं आणि मला सोडून सगळ्यांना माहीत! मिस्त्रीला कळलं, मिस्त्रीच्या बायकोला कळलं, व्यायामाच्या बाईंना तर सगळंच माहीत होतं, केस त्यांनी उगाच कापले नाहीत. मी तेवढा उंटावरचा शहाणा.

मेहुणा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "भाऊजी, ताईने शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना काम करू दे."

तो गेल्यावर वही पहिल्यापासून वाचली. चष्म्याचा नंबर. फोन नवीन घ्यायला हवा. मनापासून ढकल की. सगळं माझ्याच अक्षरात आहे. बाहेरच्या कुणी लिहिलं असतं तर त्याची मानगूट धरली असती. मला स्वतःची शिसारी आली आहे. ही मला क्षमा करेल, केलीही असेल, त्याचा काही उपयोग नाही.

२४ जून

सहा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. हिला भरवायचं काम आता माझ्याकडे आलंय. इतके दिवस ही बाईंच्या हातून खात होती, मी खाली असताना. आज भरवताना विचारलं, का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी सोडली असती."

"सोडलीच असती."

"मग मी खिडकीतून काय बघत बसले असते?" घोट गिळायला थांबली. "तुम्ही सकाळी पाने घेऊन खाली जायचात. मिस्त्रीशी भांडायचात. वर येऊन लिव्हरचं रडगाणं गायचात. घर चालू होतं हो. मला तेवढंच पाहिजे होतं."

मला रडू आलं. हातातला चमचा खाली ठेवता येईना, तसाच धरून रडलो. साठीच्या माणसाने असं रडू नये, पण हिच्याशिवाय बघायला कोणी नव्हतं.

मग ती म्हणाली, "आता त्या गाडीत तुम्ही बसा."

"मी?"

"दवाखान्यात न्यायला कोणीतरी लागेल. भावाला किती दिवस वेठीला धरायचं? आणि मला परक्या गाडीतून जायचं नाही. मला माझ्या गाडीतून जायचंय."

"मी तुला एकदा फाटकावर घातलंय."

"तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, जिवाची भीती होती," ती म्हणाली. "आता कसली?"

३ जुलै

लिव्हर काढला. चार सांधे, दोन पट्ट्या, सहा बोल्ट. पंचवीस मिनिटं लागली. मिस्त्री शेजारी उभा होता, पहिल्यांदाच गप्प. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा हो. चांगलं काम होतं ते." लिव्हर जुन्या लोखंडाच्या ढिगात ठेवायला गेला, मग परत आणून स्वतःच्या कपाटात ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१६ जुलै

गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात रोज अर्धा तास. मिस्त्रीने क्लचचं पेडल काढून टाकलंय, तरी माझा डावा पाय ते शोधतो आणि ब्रेकवर पडतो. हिला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा. ही शिकवते. "डावा पाय दुमडून ठेवा. तो तुमचा नाहीच, दुसऱ्याचा आहे असं समजा." "आरशात बघा. माझ्याकडे काय बघता?" "वळा. वळा म्हटलं की वळायचं, विचार नाही करायचा."

आवाज बारीक झालाय. इंजिन चालू असलं की ऐकू येत नाही. परत विचारलं की थकते. म्हणून मी खिडक्या बंद ठेवतो आणि गाडी हळू चालवतो. इतकी हळू, की काल एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि त्याने वळून नमस्कार केला. ही हसली. तिचं हसू आता नुसतं डोळ्यांत असतं, आवाज येत नाही, त्यामुळे रस्त्यावरची नजर काढून बघावं लागतं. तेच करायला ती मना करते.

९ ऑगस्ट

आज ब्रेक जोरात दाबला गेला. हिला हात पुढे करून सावरता आलं नाही, कपाळ पुढे आपटलं. पट्टा होता म्हणून निभावलं. मी गाडी तिथेच सोडून हिला खुर्चीत बसवून ढकलत घरी आणलं. यापुढे गाडी नाही.

१० ऑगस्ट

हिने सकाळी औषध घ्यायला तोंड उघडलं नाही. मी गाडीची किल्ली हातात घेतल्यावर उघडलं. अशी हट्टी बाई सात जन्मांत मिळू नये, आणि मिळाली तर हीच मिळावी.

२७ सप्टेंबर

दोनदा नापास झाल्यावर आज परवाना मिळाला. तपासनीस म्हणाला, या वयात पहिल्यांदा? मी म्हटलं, शिकवणारी आत्ताच मिळाली. परत येताना हिला सांगायला काय काय ठरवलं होतं. घरी आलो तर बाई म्हणाल्या, आज दिवसभर झोपूनच आहेत. उशाशी बसून परवाना डोळ्यांसमोर धरला. ओठ हलले. कान जवळ नेला. "फोटो वाईट आलाय," म्हणाली.

१९ ऑक्टोबर

जाड दांड्याचा चमचा करून दिला, तो तयार झाला तेव्हा हिची बोटं उघडत नव्हती. घंटा करून दिली, बोटाने दाबायची. तयार झाली तेव्हा बोट हलेना. मानेला आधार केला, चामड्याचा, चांगला झाला होता, पण तो बसवला तेव्हा मान त्याच्या वरच्या बाजूने कलायला लागली होती. मी केलेली प्रत्येक वस्तू महिनाभर उशिरा तयार होते. आजार माझ्यापुढे चालतो आणि मी मागून मापं घेत येतो. कुणाच्या नशिबी असं काम येऊ नये. काम येतं आणि उपयोग होत नाही, यापेक्षा काम न येणारा सुखी.

८ नोव्हेंबर

पंधरा दिवस मी एक काम हिला न सांगता करत होतो. गाडीची मागची सीट काढली. पुढची, शेजारची सीट दोन खिट्ट्यांवर बसवली, ओढल्या की सीट निघते. मग डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत एक फळी, त्यावर फोम, कडेला पट्टे. झोपवून न्यायची सोय. मिस्त्रीने विचारलं नाही कशासाठी. पट्टे त्यानेच आणून दिले.

आज हिला बाहेर काढलं तेव्हा पुढची सीट निघालेली होती. विसरलो नव्हतो, सांगायचा धीर झाला नव्हता. हिने बराच वेळ आत बघितलं. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"अजून बसता येतंय मला."

"येतंय," मी म्हटलं. "पण या वेळी उशीर नको."

आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली, हिला काय कळलं आणि काय नाही ते मला चेहऱ्यावरून कळत नाही. मग तिने मला डोळ्यांनीच परत जवळ बोलावलं.

"माप घेतलंत?"

"नाही. तू झोपलीस की घेणार होतो."

"झोपलेल्या माणसाचं माप घेत नाहीत. ट्रायल घ्यावी लागते. उचला मला."

उचललं. हिला उचलायला आता काही लागत नाही. मागच्या दाराने आत सरकवून फळीवर आडवं केलं, डोकं पुढे, पाय माझ्याकडे. दोन्ही हात बाजूला नीट ठेवले. पाय सरळ केले. पट्टे लावले नाहीत.

"दार लावून बघा."

मागचं दार माझ्या डोक्यावर उघडं होतं. त्याच्या कडेला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. दाराचे दांडे मी नवीन बसवलेत, एका बोटाने खाली येतं. माझ्याने ओढवेना. आत ही सरळ, हलत नाही, डोळे छपराकडे.

तिचे ओठ हलले. पुढच्या दाराने वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"लावा की हो. पायाला लागतं का, कळायला नको?"

लावलं. काचेतून तिचा चेहरा दिसत होता, ओठ हलत होते, आवाज नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही, दोन-चार सेकंदच असतील. दार उघडलं आणि परत पुढून कान नेला.

"काय म्हणालीस?"

"चार बोटं जागा राहते," ती म्हणाली. "पुरेल."

मी मान हलवली. तिने थोडा दम घेतला.

"आता काढा मला बाहेर, आणि ती सीट लावा. आज मी पुढे बसणार आहे."